चहापान

सीबीडी बेलापूर, सातवा मजला, दुपारचे अडीच.
मी इतिवृत्त लिहिते. मत देत नाही.
डाव्या हाताला खिडकी, खिडकीत खाडी
ओहोटीने उघडी पडलेली,
आणि पार पलीकडे, न्हाव्याच्या बाजूला,
क्रेनच्या माना कशावर तरी वाकून थांबलेल्या.

त्या देशाने आपला माल घेणं बंद केलं, त्याला आज एकवीस दिवस.
देशाचं नाव लिहायचं नाही, अशी सूचना आहे.
मसुद्यात त्याला ‘संबंधित पक्ष’ म्हणतात,
लग्न मोडल्यावर म्हणतात तसं.

चारशे बारा कंटेनर कोळंबी, उणे अठरा अंशांवर,
विजेचा मीटर रात्रीसुद्धा झोपत नाही,
ही बाब निर्यातदारांतर्फे श्री. मुकादम यांनी निदर्शनास आणली.
बोलताना त्यांचा आवाज फुटला.
ते मी निदर्शनास आणलं नाही.

कमोडोर खांबेटे यांनी नकाशा पसरला,
चार कोपऱ्यांवर चार पाण्याचे ग्लास ठेवले,
आणि पेन्सिलीने एक रेघ ओढली:
त्यांची तेलाची जहाजं इथूनच जातात.
आपली एक युद्धनौका इथे नुसती उभी राहिली तरी पुरे.
नुसती उभी, हे ते दोनदा म्हणाले.
सहसचिव उकिडवे बाईंनी चष्मा काढला.
“आणि त्यांचीही एक नुसती उभी राहिली तर?”
पेन्सिल घरंगळत गेली, एका ग्लासाला अडली.

मग पाऊण तास एका शब्दावर.
चिंता. तीव्र चिंता. खेद.
खेदाला कमोडोरांचा विरोध, तो हरलेल्याने करायचा असतो.
‘तीव्र’ला बाईंचा, कारण तीव्र म्हटलं
की मागोमाग काहीतरी करावं लागतं.
कुणीतरी ‘सखेद आश्चर्य’ सुचवलं. सगळे हसले.
मुकादम हसले नाहीत.

चार वाजून दहा मिनिटांनी जोमाकाका चहा घेऊन आले.
साहेब लोक फोन घेऊन गॅलरीत गेले होते.
काका नकाशावर वाकले, ट्रे तसाच हातात.
“यो आपलाच दर्या ना?”
मी म्हटलं, हो. तिकडच्यांनी आपल्याला वाळीत टाकलंय.

ते बराच वेळ रेघेकडे बघत राहिले.
मग म्हणाले, आमचे बापाला गावानं टाकलेला वालीत.
दिवाल्याला. मी एवढासा व्हतो.
समोर मिठागर, आन घरान मीठ नाय.
बाप रोज सकाली दुकानावर जाय. पैसे मोजून ठेवी. मीठ दे.
दुकानदार नाय बोले.
बाप पैसे उचली, बोले, बरां, उद्या येतो.
रोज.

शिव्या दिल्या नाहीत? मी विचारलं.
“नाय.”
कप मांडता मांडता, जणू आठवण आली म्हणून:
“आढ्याला कोयता व्हता. आई दर अमावाश्येला धार लावी.
कोनाला दाखवला नाय कधी.
पन दगडावर घासायचा आवाज जातो ना दूरवर.”

दार उघडलं. साहेब आत आले.
काकांनी ग्लास उचलून त्याखालचं ओलं वर्तुळ
फडक्याने पुसलं; रेघेचं एक टोक पुसट झालं.
कुणाच्या लक्षात आलं नाही.

सहा वाजता ठरलं ते असं:
शिष्टमंडळ जाईल. नाही म्हणाले तर पुन्हा जाईल.
युद्धनौकेची डागडुजी ‘नियमित स्वरूपाची’ म्हणून
करंजाच्या धक्क्यावर करण्यात येईल, दिवसाउजेडी.
‘तीव्र’ वगळण्यात आलं.
कुणी सुचवलं, तो रकाना मी कोरा ठेवला,
कारण खरोखरच कुणी सुचवलं नव्हतं,
बोलता बोलता ते तिथे येऊन बसलं होतं.

इतिवृत्तात एक ओळ आहे:
१६.१० ते १६.२५, चहापान.

मुकादम लिफ्टपाशी उभे होते, फोनवर कुणाला तरी
अजून एक दिवस वीज चालू ठेवायला सांगत.
मी जिन्याने उतरले.
तिसऱ्या मजल्यावर लक्षात आलं,
मीठ शेवटी मिळालं का,
हे विचारायचं राहूनच गेलं.